घटनाधिष्ठित आज्ञावली

घटनाधिष्ठित आज्ञावली : संगणकाच्या पडद्यावरील बटन, मजकूर-चौकट, निवडसूची इ. घटकांवर वापरणाऱ्याने केलेल्या प्रत्येक कृतीची स्वतंत्र दखल घेऊन तिला ठरवून दिलेला प्रतिसाद देणारी आज्ञावली. कळ दाबणे, माऊसने क्लिक करणे, एका चौकटीतून दुसरीत जाणे, सूचीतील नाव निवडणे या अशा कृती होत. अशा प्रत्येक कृतीला ‘घटना’ आणि तिच्या उत्तरादाखल चालणाऱ्या आज्ञांच्या गटाला ‘प्रतिसादक’ असे म्हणता येईल. आज्ञावलीकारांच्या रोजच्या बोलण्यात मात्र इव्हेंट व हँडलर हेच शब्द रूढ आहेत. पडद्यावरील घटकालाही ते कंट्रोल म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्यासाठी ‘नियंत्रक’ हा शब्द योजिला आहे.

जुन्या पद्धतीच्या आज्ञावलीत पुढाकार आज्ञावलीकडे असे. ती प्रथम गावाचे नाव विचारी, ते मिळाल्यावर भूमापन क्रमांक, त्यानंतर खातेदाराचे नाव, याच क्रमाने ती पुढे सरके. वापरणाऱ्याने उत्तर देईपर्यंत ती थांबून राही आणि क्रम मोडण्याची मुभा कोणालाच नसे. घटनाधिष्ठित आज्ञावलीत हा संबंध उलटा होतो. सर्व चौकटी एकाच वेळी पडद्यावर उघड्या असतात व कोठून प्रारंभ करावा, कोणती चौकट रिकामी ठेवावी, मध्येच काय बदलावे हे वापरणारा ठरवितो. त्यामुळे प्रत्येक प्रतिसादकाचे काम अचूक असले, तरी ते प्रतिसादक कोणत्या क्रमाने चालतील याची खात्री देता येत नाही. या प्रकारच्या आज्ञावलीतील बहुतेक दोष या क्रमाविषयीच्या चुकीच्या गृहीतकातून निर्माण होतात.

भूमिअभिलेख व वर्धा जिल्हा : केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना प्रायोगिक स्वरूपात देशातील आठ जिल्ह्यांत सुरू केली. रंगारेड्डी, गांधीनगर, मोरेना, मयूरभंज इ. जिल्ह्यांबरोबर महाराष्ट्रातून त्यासाठी वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे २००८ मध्ये ही योजना भूमिअभिलेख आधुनिकीकरणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात विलीन झाली. योजनेचा प्रारंभ झाला तेव्हा व्यक्तिगत संगणक प्रामुख्याने डॉस या परिचालन प्रणालीवर चालत आणि त्यांवरील आज्ञावली वर सांगितलेल्या प्रश्नोत्तरी वळणाच्या असत. खिडक्या, बटने व माऊस असलेली प्रपत्रे सरकारी कामात नंतरच्या दशकात आली. हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांतील मजकूर कळफलकावरून संगणकात उतरविणे हे मूळ काम मात्र दोन्ही काळांत तेच राहिले. म्हणून घटनांच्या हाताळणीचे स्पष्टीकरण येथे सातबाराच्या प्रपत्राच्या आधारे केले आहे. हे प्रपत्र उदाहरणादाखल कल्पिलेले असून कोणत्याही विशिष्ट आज्ञावलीचे वर्णन नव्हे.

हे उदाहरण घेण्यास आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, तसेच फेरफार नोंदवहीतील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर रीत्या नवी नोंद होईपर्यंत खरी मानली जाते. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद कलम १५५ मध्ये आहे. परंतु चूक झाली हे दाखवून देण्याचा खटाटोप शेवटी खातेदारालाच करावा लागतो. कोणती तपासणी कोणत्या घटनेला जोडावी हा प्रश्न अशा वेळी केवळ आज्ञावलीकाराच्या सोयीचा राहत नाही.

घटनेचा प्रवास : कळ दाबताच कळफलकाकडून निघालेला संकेत प्रथम परिचालन प्रणालीकडे येतो. चालू असलेल्या खिडक्यांपैकी तो कोणत्या खिडकीसाठी आहे हे ठरवून ती त्याचा संदेश बनविते व संबंधित आज्ञावलीच्या रांगेत ठेवते. आज्ञावलीच्या गाभ्यात एक सतत फिरणारे आवर्तन असते. ते रांगेतील पुढचा संदेश उचलते, योग्य नियंत्रकाकडे सोपविते आणि त्याचे काम संपल्यावर पुन्हा रांगेकडे वळते. संदेश मिळाल्यावर नियंत्रक प्रथम आपले अंगभूत काम करतो, उदा., बटन दबलेले दिसते किंवा चौकटीत अक्षर उमटते. त्यानंतर, किंवा काही घटनांच्या बाबतीत त्याआधी, तो आपल्याशी जोडलेल्या प्रतिसादकाला हाक देतो. घटना कोणत्या नियंत्रकावर घडली आणि तिचा तपशील काय (कोणती कळ, पडद्यावरील कोणते स्थान) ही माहिती प्रतिसादकाला हाकेबरोबरच मिळते. त्यामुळे अनेक बटनांना एकच प्रतिसादक जोडता येतो.

जुन्या चावडीचे दृश्य डोळ्यांसमोर आणल्यास ही रचना सहज समजते. चावडीवर एकच तलाठी बसलेला असे. कोणी उतारा मागण्यास, कोणी वारसाची वर्दी देण्यास, कोणी सारा भरण्यास, असे लोक कोणत्याही क्रमाने येत. परंतु तलाठी एका वेळी एकाचेच काम पाही. तो स्थळपाहणीसाठी निघून गेला, तर काम पाच मिनिटांचे असो वा दिवसभराचे, रांग खोळंबून राही. आज्ञावलीतील आवर्तनाचेही तसेच आहे. एखाद्या प्रतिसादकाने दूरच्या विदासंचातून मोठी माहिती मागविली आणि ती येईपर्यंत वाट पाहिली, तर त्या काळात कोणतीही कळ, कोणतेही बटन उत्तर देत नाही आणि खिडकीचे पुन्हा रेखाटनही होत नाही. विंडोज ही परिचालन प्रणाली साधारणपणे ५ सेकंद वाट पाहून अशी खिडकी ‘प्रतिसाद देत नाही’ असे जाहीर करते. वस्तुतः आज्ञावली बंद पडलेली नसते.

यावर उपाय म्हणजे वेळखाऊ काम दुसऱ्या कार्यसूत्राकडे (यास थ्रेड म्हणतात) सोपविणे. तलाठ्याने कोतवालाला निरोप घेऊन पाठवावे व स्वतः पुढच्या माणसाचे काम हाती घ्यावे, तसाच हा प्रकार आहे. कोतवालाने निरोप आणावा, पण दप्तरात स्वतः लिहू नये, हा संकेत येथेही पाळावा लागतो. पडद्यावरील नियंत्रकांना ज्या कार्यसूत्राने निर्माण केले, त्यानेच त्यांना हात लावावा. दुसऱ्या कार्यसूत्राने आपले उत्तर संदेशाच्या रूपाने रांगेतच ठेवावे. हा नियम मोडणारी आज्ञावली चाचणीत बहुधा ठीक चालते आणि प्रत्यक्ष कामाच्या गर्दीत अधूनमधून कोसळते. त्यामुळे हा दोष शोधणे फार कठीण जाते.

निवडसूचीतील घटना : आपल्या प्रपत्रात आरंभी तालुक्याची सूची आहे असे समजू. तीत वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे आठ तालुके आहेत. तालुका निवडला की त्यातील गावांनी दुसरी सूची भरते आणि गाव निवडले की त्याचे अभिलेख खुले होतात. दिसावयास ही रचना साधी आहे. पण तीत तीन खाचखळगे आहेत. पहिला असा की, ‘निवड बदलली’ ही घटना माणसाने निवड बदलली तरी घडते आणि आज्ञावलीने स्वतः सूची भरताना बदलली तरी घडते. गावांची सूची भरून तिच्यातील पहिले गाव आपोआप निवडले गेल्यास गावाचा प्रतिसादक लगेच धावतो व कोणीही न मागितलेला अभिलेख पडद्यावर येतो. सूची भरण्याच्या काळात प्रतिसादक तात्पुरता तोडून ठेवणे किंवा ‘भरणे चालू आहे’ अशी खूण ठेवून त्याने काही न करता परतणे, हे यावरचे रूढ उपाय होत.

दुसरा खाचखळगा शिळ्या माहितीचा. देवळी तालुक्यातील गाव व भूमापन क्रमांक भरल्यावर वापरणाऱ्याने तालुका बदलून आर्वी केला, तर खालच्या चौकटी रिकाम्या झाल्या पाहिजेत. तसे न झाल्यास आधीच्या गावाचा भूमापन क्रमांक नव्या गावाच्या नावाखाली तसाच राहतो. तोच क्रमांक दोन्ही गावांत अस्तित्वात असणे अगदी स्वाभाविक असल्याने कोणतीही तपासणी त्याला अडवीत नाही. तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. निवडसूचीवर फोकस असताना माऊसचे चाक फिरविले, तर अनेक आज्ञावलींत पान खाली सरकण्याऐवजी सूचीतील निवडच बदलते. दिवसाला शेकडो नोंदी करणारा माणूस प्रपत्राचा खालचा भाग पाहण्यासाठी चाक फिरवितो आणि वरचे गाव बदलल्याचे त्याला कळतही नाही. चाकाच्या घटनेला असा प्रतिसाद न देणे हाच येथे शहाणपणाचा मार्ग. ही सोय प्रपत्रात मुळात असूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तपासणी केव्हा करावी : चौकटीतील मजकूर तपासण्यासाठी तीन प्रकारच्या घटना उपलब्ध असतात. मजकुरात एका अक्षराचाही बदल होताच घडणारी, चौकट सोडताना घडणारी, आणि ‘जतन करा’ हे बटन दाबल्यावर घडणारी. पहिल्या घटनेवर कडक तपासणी ठेवल्यास माणसाला लिहिणेच अशक्य होते. कारण अर्धवट लिहिलेला आकडा हा बहुधा चुकीचाच आकडा असतो. दुसरी घटना एका चौकटीपुरत्या तपासणीस योग्य आहे. उदा., सातबारावर क्षेत्र हेक्टर व आर यांत दिले जाते आणि १ हेक्टर म्हणजे १०० आर. एकाच चौकटीत दशांश चिन्ह देऊन क्षेत्र लिहिण्याची सोय असेल, तर २ हेक्टर ४ आर लिहिताना कोणी ‘२.४’ असे लिहितो व आज्ञावली ते २ हेक्टर ४० आर समजते. फरक ३६ आरचा, म्हणजे जवळजवळ पाऊण ते एक एकराच्या दरम्यानचा पडतो. अशी चूक कोणत्याही सर्वसाधारण तपासणीत सापडत नाही, कारण दोन्ही आकडे आपापल्या जागी संभवनीय आहेत. हेक्टर व आर यांच्या चौकटी वेगळ्या ठेवणे आणि आरची चौकट सोडताना आकडा ९९ पेक्षा मोठा नाही हे पाहणे, हा त्यावरील सरळ उपाय होय.

याउलट, एकाहून अधिक चौकटींचा परस्परसंबंध तपासणे चौकट सोडण्याच्या घटनेवर टाकता येत नाही. २ हेक्टर ४० आर जमिनीची तीन भावांत प्रत्येकी ८० आर अशी वाटणी नोंदवावयाची आहे असे समजू. पहिल्या भावाचे क्षेत्र लिहून झाल्यावर बेरीज ८० आर होते, दुसऱ्याचे लिहिल्यावर १६०. या मधल्या अवस्थेत बेरीज मूळ क्षेत्राशी जुळणे शक्यच नाही. तेथे अडविणारी आज्ञावली वापरणाऱ्याला पळवाट काढावयास शिकविते. तो पहिल्या भावाच्या नावे पूर्ण क्षेत्र लिहितो व ‘नंतर दुरुस्त करू’ म्हणून पुढे जातो. ती दुरुस्ती राहून गेली म्हणजे तिचे परिणाम उरलेल्या दोघांना भोगावे लागतात. बेरजेची तपासणी म्हणूनच जतन करण्याच्या वेळी करावी. मधल्या काळात केवळ शिल्लक क्षेत्र किती याचा आकडा बाजूला दाखवीत राहावे.

चौकट सोडण्याच्या घटनेवर संपूर्ण विसंबूनही चालत नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फॉर्म्स या संचात टॅब कळीने चौकट सोडल्यास तपासणीच्या घटना आधी व फोकस गेल्याची घटना नंतर येते. माऊसने सोडल्यास फोकस गेल्याची घटना आधी येते. एका क्रमावर भिस्त ठेवून लिहिलेला प्रतिसादक दुसऱ्या प्रकारे काम करणाऱ्या माणसाच्या हाती वेगळे वागतो. खिडकीच्या माथ्यावरील साधनपट्टीतील बटने तर फोकस घेतच नाहीत. शेवटच्या चौकटीत आकडा लिहून कोणी थेट पट्टीवरील ‘जतन करा’ वर क्लिक केले, तर ती चौकट सोडल्याची घटनाच घडत नाही आणि नेमका शेवटचा आकडा न तपासता साठविला जातो. जतन करणाऱ्या प्रतिसादकाने सर्व चौकटींची तपासणी स्वतः पुन्हा करणे याच कारणासाठी आवश्यक असते. विदासंचानेही आपल्या बाजूने ती करावी. तपासणीत चूक आढळल्यास चौकट सोडू न देण्याची सोय असते. परंतु ‘रद्द करा’ या बटनाला तीतून वगळले नाही, तर चुकीचा आकडा लिहिणारा माणूस प्रपत्रात अडकून पडतो.

दुहेरी क्लिक : ‘जतन करा’ दाबल्यावर काही क्षण काहीच घडताना दिसले नाही, तर माणूस पुन्हा दाबतो. पहिला प्रतिसादक विदासंचाची वाट पाहत असल्याने दुसरा क्लिक रांगेत थांबतो व पहिले काम संपताच अमलात येतो. परिणामी एकच नोंद दोनदा होते. यावर बटन निष्क्रिय करण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. पण तो अपुरा आहे. प्रतिसादकाच्या आरंभी बटन निष्क्रिय करून अखेरीस सक्रिय केले व मधल्या काळात आवर्तन अडलेलेच असले, तर रांगेतील क्लिकची पाळी येईपर्यंत बटन पुन्हा सक्रिय झालेले असते आणि दुसरी नोंद होतेच. जतनाचे काम दुसऱ्या कार्यसूत्राकडे देऊन ते पूर्ण झाल्याचा संदेश येईपर्यंत बटन निष्क्रिय ठेवल्यास मधले क्लिक येताक्षणीच वाया जातात. त्याशिवाय प्रत्येक प्रपत्राला उघडतानाच एक अनन्य क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास विदासंचाने तो नाकारणे अधिक सुरक्षित ठरते.

देवनागरी व कळफलकाच्या घटना : कळफलकाच्या घटना दोन पातळ्यांवर मिळतात. एक पातळी कळ दाबल्याची व दुसरी अक्षरचिन्ह तयार झाल्याची. इंग्रजीत या दोन्ही बहुतांशी एकास एक जुळतात. मराठीत तसे होत नाही. भारतीय भाषांसाठी प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ७ ची कळ दाबली की ‘क्ष’ उमटतो, पण आज्ञावलीकडे क, हलन्त व ष अशी तीन चिन्हे येतात. ‘क्षीरसागर’ हे आडनाव वाचणाऱ्याला पाच अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये त्याची नऊ चिन्हे होतात. चौकटीची कमाल लांबी चिन्हांत मोजून ठरविलेली असली, तर लांब नाव मध्येच तुटते व कधीकधी अखेरीस लोंबकळता हलन्त तेवढा शिल्लक राहतो. अभिलेखात नाव असे अपुरे राहिले, तर कर्जासाठी वा वारसनोंदीसाठी इतर कागदपत्रांशी ते जुळत नाही.

अंकांच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. चौकटीत अंकच यावेत म्हणून अक्षरचिन्हाच्या घटनेवर ४८ ते ५७ हे संकेतांकच स्वीकारणारा प्रतिसादक ठेवल्यास ० ते ९ हे देवनागरी अंक (संकेतांक २४०६ ते २४१५) नाकारले जातात आणि कळफलक बिघडल्याचा समज होतो. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या संचात ‘हा अंक आहे काय’ या प्रश्नाला देवनागरी अंकांसाठी होकारार्थी उत्तर मिळते, पण त्याच मजकुराचे संख्येत रूपांतर करू गेल्यास ते अयशस्वी होते. म्हणजे दारावर प्रवेश मिळतो व आत अडवणूक होते. देवनागरी अंक स्वीकारून साठवण्यापूर्वी त्यांचे एकाच प्रकारात रूपांतर करणे इष्ट. मजकूर दुसरीकडून उचलून चौकटीत चिकटविला, तर अक्षरागणिक होणारी तपासणी चुकते, हेही लक्षात ठेवावे लागते.

इतिहास : वापरणाऱ्याच्या कृतीला पडद्यावर तत्काळ उत्तर देणारी स्केचपॅड ही आज्ञावली आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये सादर केली. तीत प्रकाशलेखणी वापरली होती. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात खिडक्या, सूची व माऊस यांची आजची रचना आकारास आली. तेथेच १९७९ च्या सुमारास नॉर्वेचे ट्रिग्व्हे रीन्सकाउग यांनी माहिती, तिचे दर्शन व वापरणाऱ्याच्या कृतींची हाताळणी या तीन बाबी वेगळ्या ठेवण्याची पद्धत मांडली. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ मध्ये व विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ मध्ये बाजारात आली. त्यांसाठी लिहिताना संदेशांचे आवर्तन आज्ञावलीकाराला स्वतःच लिहावे लागे. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने ते झाकून टाकले. बटन पडद्यावर ओढून ठेवावे, त्यावर दोनदा क्लिक करावे व उघडलेल्या रिकाम्या जागेत प्रतिसादक लिहावा इतके ते सोपे झाले. या सोपेपणामुळे कार्यालयीन आज्ञावलींची संख्या झपाट्याने वाढली. रांग व क्रम यांचे ज्ञान नसतानाही प्रपत्रे तयार होऊ लागली, हीदेखील त्याचीच दुसरी बाजू होय. जावा भाषेने १९९७ च्या आवृत्तीत, एका घटनेसाठी हवे तितके श्रोते नोंदविण्याची पद्धत स्वीकारली.

गेल्या काही वर्षांत भूमिअभिलेखांचे व इतर सरकारी कामांचे बरेचसे व्यवहार न्याहाळकातून होऊ लागले असले, तरी न्याहाळकातील पानही घटना, रांग व एकच मुख्य कार्यसूत्र याच रचनेवर चालते. त्यात भर पडते ती संपर्क तुटण्याची. ‘जतन करा’ दाबल्यानंतर उत्तर न आल्यास नोंद झाली की नाही हे प्रपत्राला सांगता येत नाही, आणि उघडतानाच अनन्य क्रमांक देण्याची वर सांगितलेली पद्धत तेथे अपरिहार्य ठरते. कोणत्या वापरणाऱ्याने कोणत्या क्षणी कोणती चौकट बदलली, आधीचे मूल्य काय होते व ते जतन कोणत्या घटनेने झाले याची क्रमवार रोजनिशी आज्ञावलीने ठेवल्यास, पुढे एखाद्या खातेदाराने नोंदीविषयी तक्रार केली असता चूक माणसाच्या हातून झाली की प्रतिसादकाच्या, हे कागदोपत्री दाखविता येते.